दोहा 2019 : सातवा आलेला धावपटू फायनलमध्ये कसा धावला?

1 ऑक्टोबर 2019. दोह्यातल्या खलिफा आंतरराष्ट्रीय स्टेडियममध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेची पुरुषांची 3000 मीटर स्टीपलचेस. तिसऱ्या हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या पात्रता शर्यतीत, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सातवा आला. नियमाप्रमाणे त्याची स्पर्धा तिथेच संपली होती. तीन दिवसांनी तो फायनलच्या सुरुवातीच्या रेषेवर उभा होता.

हे चमत्कारानं झालं नाही, वशिल्यानंही नाही. नियमपुस्तकातलं एक कलम, व्हिडिओचं चित्रण आणि वेळेत नोंदवलेली हरकत यांच्या जोरावर झालं. म्हणून हे प्रकरण तपशिलात बघण्यासारखं आहे. धावपटू आणि पदकविजेते यांची नावं जगजाहीर आहेत, ती घेतली आहेत. पंच, पथकातले अधिकारी आणि शर्यतीत वाटेत आलेला धावपटू यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. त्या जागी दुसरं कुणी असतं, तरी निर्णयाचे प्रश्न तेच राहिले असते.

पार्श्वभूमी

साबळेचा जन्म 1994 चा, आष्टी तालुक्यातला. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटरवर, रोजचं जाणंयेणं पायी. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. मग सैन्याच्या क्रॉसकंट्री संघातून धावू लागला. स्टीपलचेसकडे तो 2017 मध्ये वळला, प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्यामुळे. वयाच्या तेविशीच्या आसपास हा प्रकार हाती घेणं म्हणजे तसा उशीरच.

तरी वर्षभरात त्यानं भुवनेश्वरला 8:29.80 (8 मिनिटं 29.80 सेकंद) अशी वेळ दिली आणि गोपाळ सैनी यांचा 1981 पासूनचा 8:30.88 हा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षं टिकलेला विक्रम. मार्च 2019 मध्ये पतियाळात 8:28.94. दोह्याच्या जागतिक स्पर्धेची पात्रता वेळ होती 8:29.00. सेकंदाच्या सहा शतांशांनी तो आत आला होता. एप्रिलमध्ये याच दोह्यात, याच ट्रॅकवर आशियाई स्पर्धेचं रौप्यपदकही त्यानं मिळवलं होतं.

स्टीपलचेस न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ या शर्यतीच्या रचनेतूनच निघतो. एकूण 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्याची उडी. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर. हर्डल्स शर्यतीतला अडथळा पाय लागला की पडतो. इथला जाड लाकडी आडवा दांडा जागचा हलत नाही, त्यामुळे धडकलात तर पडायचं तुम्हीच. शिवाय इथे प्रत्येकाची वेगळी लेन नसते. पंधरा-सोळा जण एका घोळक्यात त्याच दांड्याकडे झेपावतात. पुढच्याची पाठ इतकी जवळ असते की अडथळा शेवटच्या दोन पावलांतच दिसतो. समोरचा पडला, तर त्याला चुकवायला जागाही नसते आणि वेळही नसतो.

अडचण

दोह्यात तीन हीट होत्या. प्रत्येक हीटमधले पहिले तीन, आणि उरलेल्यांतले सर्वांत वेगवान सहा, असे पंधरा जण फायनलला जाणार होते.

साबळेच्या हीटमध्ये इथिओपियाचा एक धावपटू धडपडला आणि साबळे त्यात अडकला. स्वतःला सावरून त्यानं पुन्हा वेग घेतला. शर्यतीत पुढे परत तसंच झालं. समोर माणसं कोसळली, साबळेला जवळजवळ थांबावं लागलं आणि जागेवरून अडथळा पार करावा लागला. लयीत चाललेल्या धावपटूसाठी हे फार महागात पडतं. घाटाच्या चढावर भरलेला ट्रक थांबवून पुन्हा पहिल्या गिअरमध्ये घातल्यासारखं. गेलेले सेकंद तर जातातच, पुन्हा वेग घेताना पायातली जी ताकद खर्च होते ती शेवटच्या लॅपला कमी पडते.

एवढं होऊन त्याची वेळ आली 8:25.23. नवा राष्ट्रीय विक्रम, आधीच्यापेक्षा 3.71 सेकंदांनी चांगला. पण हीटमध्ये सातवा आणि एकूण यादीत विसावा. पहिल्या तिनात नाही आणि वेगवान सहांतही नाही.

इथे एक पेच तयार झाला. धावपटूनं आयुष्यातली सर्वोत्तम वेळ दिली होती. मग तक्रार कसली करायची? बाहेरून बघणारा म्हणेल, पोरगा त्याच्या कुवतीपेक्षा चांगलाच धावला की. नवा विक्रम झाल्याच्या आनंदात पथकातल्या कुणी हरकतीचा विचारच केला नसता, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत निसरडा क्षण हाच होता. प्रश्न वेळ चांगली आली की वाईट, हा नव्हताच. अडथळा झाला नसता तर ती किती आली असती, हा होता. त्याचं उत्तर स्कोअरबोर्डवर दिसत नाही.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग, काहीच न करण्याचा. स्टीपलचेसमध्ये पडापड होतेच, तो खेळाचा भाग आहे, विक्रम झाला, चला. ही भूमिका अगदीच चुकीची नाही. नियमही धक्का लागला की भरपाई मिळेल असं कुठे म्हणत नाही. धावपटूवर गंभीर परिणाम झाला असेल, तरच पंच हस्तक्षेप करू शकतात.

दुसरा मार्ग, इथिओपियाच्या धावपटूला बाद करा अशी मागणी. रागाच्या भरात सुचतो तो हाच. पण पडलेल्या माणसानं मुद्दाम काही केलेलं नसतं, आणि त्याला बाद करून साबळे फायनलला गेलाही नसता. मधे बरेच जण होते.

तिसरा मार्ग, जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाच्या तेव्हाच्या नियम 163.2 चा आधार घेण्याचा. धक्काबुक्की झाली किंवा वाट अडवली गेली आणि त्याचा परिणाम झाला, तर रेफरी दोन गोष्टी करू शकतो: शर्यत पुन्हा घेणं, किंवा हीट असेल तर बाधा पोहोचलेल्या धावपटूला पुढच्या फेरीत धावू देणं. यासाठी कुणी दोषी ठरायलाच हवा असं नाही, समोरचा अपघातानं पडला असला तरी चालतं. कलमातली अजून एक अट इथे कळीची ठरली. अशा धावपटूनं साधारणपणे शर्यत प्रामाणिक प्रयत्न करून पूर्ण केलेली असावी.

म्हणजे हरकतीचा पाया साबळेनं ट्रॅकवरच घातला होता. दुसऱ्यांदा जवळजवळ थांबावं लागल्यावर तो वैतागून सोडून देऊ शकला असता, किंवा आता काही होत नाही म्हणून रमतगमत आला असता. मग कागदावर कितीही चांगली हरकत लिहिली, तरी तिला बळ राहिलं नसतं. राष्ट्रीय विक्रम हा एरवी हरकतीच्या विरुद्ध जाणारा मुद्दा वाटतो. इथे तोच त्याच्या बाजूची साक्ष झाला. दोनदा अडकूनही विक्रम करणाऱ्याच्या प्रयत्नांवर शंका कोण घेणार?

काय केलं

भारतीय पथकानं तिसरा मार्ग धरला. मुद्दा एकच मांडला: आमच्या धावपटूची वाट शर्यतीत दोनदा अडली.

हरकतीची पद्धत ठरलेली आहे. निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांच्या आत धावपटूनं किंवा त्याच्या वतीनं कुणी रेफरीकडे तोंडी हरकत घ्यायची. रेफरी स्वतः निर्णय देतो किंवा प्रकरण ज्युरी ऑफ अपीलकडे, म्हणजे दाद ऐकणाऱ्या मंडळाकडे सोपवतो. रेफरीचा निर्णय मान्य नसेल तर पुन्हा तीस मिनिटांत ज्युरीकडे लेखी दाद मागायची, सोबत शंभर डॉलर अनामत. शंभर डॉलर ही काही फार मोठी रक्कम नाही. तीस मिनिटं मात्र फार थोडी असतात. धावपटू धापा टाकत पत्रकारांसमोर उभा असतो, प्रशिक्षक स्टेडियमच्या दुसऱ्या टोकाला, आणि पथकाचा व्यवस्थापक पुढच्या स्पर्धकाची नोंदणी बघत असतो. या अर्ध्या तासात कुणाला तरी नियम आठवायला हवा, चित्रण बघायला हवं, आणि योग्य टेबलापाशी पोचायला हवं.

आपल्याकडे शालेय आणि जिल्हा स्पर्धांत हरकती कमी होतात असं कोणी म्हणणार नाही. मैदानावर आरडाओरडा भरपूर होतो, पालक पंचांना घेरतात. पण कोणत्या कलमाखाली आणि नेमकं काय मागायचं हे विचारलं तर शांतता पसरते. दोह्यात आवाज कमी होता आणि मागणी नेमकी होती.

रेफरीनं चित्रण पाहिलं. धडपडणाऱ्या धावपटूंमुळे साबळेला दोन वेळा अडथळा झाल्याचं मान्य झालं आणि त्याला फायनलमध्ये घेण्यात आलं.

शर्यत पुन्हा घेण्याचा पर्याय इथे का गैरलागू होता, ते सहज कळतं. फायनल तीन दिवसांवर. हीटमधून पात्र ठरलेल्यांना परत 3000 मीटर धावायला लावणं म्हणजे एकाची भरपाई बाकीच्यांच्या पायातून काढणं. त्यापेक्षा पंधराच्या जागी सोळा धावले, तर कुणाचीच जागा जात नाही. घोळक्यात एक माणूस वाढतो, इतकंच.

निकाल

4 ऑक्टोबरची फायनल ही त्या स्पर्धेतल्या सर्वांत चुरशीच्या शर्यतींपैकी एक ठरली. केनियाचा कॉन्सेस्लस किप्रुटो 8:01.35, इथिओपियाचा लामेचा गिर्मा 8:01.36. तीन किलोमीटर, पस्तीस उड्या, आणि सुवर्ण-रौप्यात फरक सेकंदाच्या एका शतांशाचा. गिर्मा तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली 8:03.76 वेळेसह कांस्यपदकाचा मानकरी. अल बक्काली आणि गिर्मा ही जोडी पुढे टोकियो ऑलिंपिक आणि युजीन, बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धांत ओळीनं पहिल्या दोन क्रमांकांवर राहिली, प्रत्येक वेळी अल बक्काली पुढे आणि गिर्मा मागे.

साबळे तेरावा आला, 8:21.37. विजेत्यापेक्षा वीस सेकंद मागे. पण चार दिवसांत दुसरा राष्ट्रीय विक्रम, हीटपेक्षा 3.86 सेकंदांनी सरस. टोकियो ऑलिंपिकची पात्रता वेळ 8:22.00 होती, ती 0.63 सेकंदांनी गाठली गेली. सप्टेंबर 2018 ते मार्च 2019 या सहा महिन्यांत त्याची वेळ सेकंदभरानेही सुधारली नव्हती, आणि दोह्यात तीन दिवसांच्या अंतरात साडेसात सेकंद! यातला मोठा वाटा त्याचा स्वतःचा, हे खरंच. पण पुढचा गट आठ मिनिटांच्या वेगानं पळत असताना मागच्यांनाही ओढून नेतो, हेही तितकंच खरं. देशातल्या शर्यतींत तो बहुतेक वेळा एकटाच पुढे असे. तशी ओढ त्याला तिथे मिळणार नव्हती.

या हरकतीमुळेच साबळे ऑलिंपिकला गेला, असं बरेचदा सांगितलं जातं. गोष्ट ऐकायला छान आहे, पण पूर्ण खरी नाही. मार्च 2021 मध्ये पतियाळाला त्यानं 8:20.20 अशी वेळ दिली. म्हणजे दोह्याची फायनल हुकली असती, तरी पात्रता त्याला नंतर मिळालीच असती. हरकतीनं त्याला दिलं ते वेगळं. पात्रतेची टांगती तलवार दीड वर्ष आधी उतरली. महासाथीच्या काळात पात्रतेच्या खिडक्या बंद होत असताना त्याला ती धास्ती नव्हती. नोव्हेंबर 2020 मध्ये तो दिल्लीत अर्धमॅरेथॉन धावला आणि 1 तास 30 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून आला. पात्रतेच्या मागे लागलेल्या स्टीपलचेसपटूनं असला प्रयोग केला असता, असं वाटत नाही.

त्याच आठवड्यातलं दुसरं प्रकरण

साबळेचा निर्णय किती सोपा होता हे कळायला त्याच स्टेडियममधली, दुसऱ्याच दिवसाची 110 मीटर हर्डल्सची फायनल बघावी. जमैकाचा ओमर मॅक्लाउड अडथळ्यांना धडकत तोल जाऊन शेजारच्या लेनमध्ये घुसला. त्या लेनमध्ये स्पेनचा ओर्लांडो ओर्तेगा पदकाच्या शर्यतीत होता. त्याची लय तुटली. अमेरिकेच्या ग्रँट हॉलोवेनं 13.10 मध्ये सुवर्ण घेतलं, सर्गेई शुबेन्कोव्हनं 13.15 मध्ये रौप्य, फ्रान्सच्या पास्कल मार्टिनो-लागार्दनं 13.18 मध्ये कांस्य. ओर्तेगा 13.30 वेळेसह पाचवा. मॅक्लाउड बाद.

स्पेननं दाद मागितली. आता करायचं काय? हीटमध्ये 'पुढच्या फेरीत घ्या' म्हणता येतं. फायनलला पुढची फेरीच नसते. नियमात उरतं ते फक्त पुन्हा धावणं. म्हणजे हॉलोवेनं जिंकलेलं सुवर्ण परत पणाला लावायचं, तेही त्याची काहीच चूक नसताना. शेवटी ज्युरीनं ओर्तेगालाही कांस्यपदक दिलं. त्या शर्यतीची कांस्यपदकं दोन झाली.

मानवी दृष्टीनं हा निर्णय गोड वाटतो. पण चौथा आलेला चीनचा शिए वेनजून आठवा. त्याची वेळ 13.29. त्यानं कुणाची वाट अडवली नाही, त्याचीही कुणी अडवली नाही, आणि अधिकृत निकालात त्याच्या वर 13.30 वेळेचा माणूस तिसरा म्हणून नोंदला गेला. साबळेच्या प्रकरणात भरपाई म्हणजे एक संधी होती, ती वापरून दाखवायचं काम त्याच्यावरच राहिलं. ओर्तेगाला थेट फळ मिळालं, आणि तो अडला नसता तर नक्की तिसरा आलाच असता हे गृहीत धरून मिळालं. मला स्वतःला पहिला निर्णय निर्दोष वाटतो. दुसरा समजू शकतो, पण त्यावर पाठिंब्याची सही करताना माझा हात अडखळेल.

वेगळं काय करता आलं असतं

पथकानं जे केलं त्यात खोट काढण्यासारखं फारसं नाही. प्रश्न उरतो तो शर्यतीतल्या जागेचा. घोळक्याच्या मध्यात धावणं वाऱ्यापासून वाचवतं, पण दुसऱ्याच्या पडण्याच्या हवाली करतं. दोन पर्याय असतात: बाहेरच्या बाजूनं धावून प्रत्येक वळणावर काही मीटर जास्त मोजायचे, किंवा पुढे राहून वेगाचा भार स्वतः उचलायचा. 8:28 ची सर्वोत्तम वेळ घेऊन आलेल्या नवख्याला दुसरा पर्याय जागतिक हीटमध्ये परवडत नाही. पहिला परवडला असता. त्या रात्री तो निवडला असता तर पडापडीतून सुटका झाली असती का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण विशीतल्या स्टीपलचेसपटूंना घोळक्यात अडथळा चुकवण्याचा सराव मुद्दाम द्यायला हवा. एकट्यानं ट्रॅकवर दांडे ओलांडून तो होत नाही. त्यासाठी दहा जण लागतात, आणि आपल्याकडे एका मैदानावर दहा स्टीपलचेसपटू मिळणं अवघड. साताऱ्याच्या ललिता बाबरनं 2015 मध्ये जागतिक फायनलमध्ये आठवा क्रमांक मिळवल्यानंतरही हे चित्र फारसं बदललेलं दिसत नाही.

दुसरी गोष्ट नियमांची. बुडापेस्टच्या 2023 च्या स्पर्धेत वेळेवरून पुढे जाण्याची सोय काढून टाकली गेली, प्रत्येक हीटमधले फक्त पहिले पाच जण पुढे. साबळे तिथे 8:22.24 मध्ये सातवा आला आणि बाहेर पडला. आता हीटमध्ये वेळ किती आली याला अर्थ उरला नाही, जागा कोणती एवढंच बघितलं जातं. वाट अडवल्याचं कलम आजही आहे. पण पाचव्या क्रमांकापासून तुम्ही किती दूर होता, हे पटवून देणं हाच त्या तीस मिनिटांतला खरा युक्तिवाद झाला आहे. पथकांनी चित्रणाचा माणूस आणि नियम जाणणारा माणूस यांना एकत्र बसवायला हवं, ते यासाठी.

साबळेनं स्वतः काय बदललं, ते त्याच्या नंतरच्या शर्यतींत दिसतं. बर्मिंगहॅमच्या 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो केनियाच्या धावपटूंना शेवटपर्यंत चिकटून राहिला. 8:11.20, रौप्य, विजेत्या अब्राहम किबिवोतपेक्षा फक्त पाच शतांश मागे. 1998 पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत आलं होतं. मग आलं हांगझोऊ, आशियाई खेळ. तारीख योगायोगानं तीच, 1 ऑक्टोबर, साल 2023. सुरुवातीलाच त्यानं आघाडी घेतली आणि ती वाढवत नेली. शेवटच्या लॅपला तो मागे वळून बघत होता. 8:19.50, स्पर्धेचा विक्रम, सुवर्ण. जपानचे दोघे त्याच्या मागे, बरेच मागे. वाटेत पडायला त्याच्या पुढे त्या दिवशी कुणी नव्हतंच.